आईला आठ महिने नुसती खाज, अंगावर एकही फोड नाही, तरी रिपोर्टमध्ये बुलस पेम्फिगॉइड कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी राहते, जुना डायबेटिस, आणि गेले आठ महिने अंगभर खाज, रात्री डोळ्याला डोळा नाही. आधी खरूज म्हणून लोशन लावून झालं, मग इसब म्हणून मलमं, मग पित्त म्हणून गोळ्या, आणि आता पुण्यातल्या स्किनच्या डॉक्टरांनी दोन बायोप्सी काढल्या तर रिपोर्ट आला बुलस पेम्फिगॉइड. मुलाचं म्हणणं की हा तर पाण्याच्या फोडांचा आजार, नेटवरचे सगळे फोटो मोठमोठ्या फोडांचे, आईच्या अंगावर आजवर एकही फोड आलेला नाही, मग रिपोर्ट चुकलाय का, दुसऱ्या लॅबला दाखवू का, घरातल्या नातवंडांना लागण होईल का, आणि आता जन्मभर स्टिरॉइड घ्यायचं का.

लागणीचं आधी सांगते कारण त्याने घरात उगाच भांडी-चादरी वेगळ्या होतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, अजिबात नाही. नातवंडांना आजीजवळ खुशाल झोपू द्या.

आता रिपोर्टचं. तुम्ही त्यातली जी ओळ लिहिलीय, बेसमेंट मेम्ब्रेन झोनला आयजीजी आणि सी-३ लिनियर पॉझिटिव्ह (म्हणजे कातडीच्या वरच्या आणि खालच्या थराच्या सांध्यावर अँटीबॉडी आणि तिच्यासोबतचं एक प्रोटीन सरळ रेघेत चिकटलेलं दिसलं), ती ओळ या आजारात फार वजनाची आहे आणि आईच्या बाकी गोष्टीशी ती जुळते, त्यामुळे रिपोर्ट चुकला असेल असं मला वाटत नाही. निदान होतं त्या वेळी साधारण पाचात एका पेशंटच्या अंगावर फोड नसतात. काहींना नंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी येतात, काहींना कधीच येत नाहीत. पण आपल्याकडे हे माहीत नसल्यामुळे, आणि डॉक्टर मंडळींमध्येही पुरेसं बोललं जात नसल्यामुळे, ही म्हातारी माणसं दवाखाने बदलत राहतात आणि घरचे म्हणतात वयाची खाज आहे, कोरडेपणा आहे, तेल लावा. मी बरीच वर्षं स्किनची प्रॅक्टिस करतेय आणि मला खरोखर तळमळीने सांगायचंय की सत्तरीच्या आसपासच्या माणसाला महिनोन्‌महिने खाज असेल, झोप उडाली असेल, आणि नेहमीच्या औषधांनी फरक पडत नसेल तर पेम्फिगॉइडची तपासणी झाल्याशिवाय तिला वयाची खाज म्हणू नका.

फोड नसताना हा आजार कसा असतो ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. आपल्या कातडीचा वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना धरून ठेवायला बारीक बारीक टाचण्यांसारखी रचना असते, हेमिडेस्मोसोम म्हणतात तिला, आणि त्यात दोन प्रोटीन्स असतात, बीपी १८० आणि बीपी २३० (रिपोर्टमध्ये हे दिसलं तर रक्तदाबाचे आकडे समजू नका, बरेच जण घाबरतात). या आजारात शरीर स्वतःच्याच या प्रोटीन्सविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. अँटीबॉडी जाऊन तिथं चिकटली की कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली संरक्षक प्रोटीन्स जागी होतात, मास्ट सेल्स या कातडीतल्या अ‍ॅलर्जीच्या पेशी फुटतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्या सगळ्यांतून खाज सुटवणारी रसायनं बाहेर पडतात आणि शेवटी एन्झाइम्स त्या टाचण्या कुरतडायला लागतात. पुरेशा टाचण्या तुटल्या की दोन थरांमध्ये पाणी साचतं आणि फोड येतो. म्हणजे फोड हा शेवटचा टप्पा झाला. भिंतीत ओल आधी मुरते आणि पोपडे नंतर सुटतात तसंच हे, पोपडा नाही म्हणून ओल नाही असं होत नाही. काहींच्या बाबतीत सूज आणि खाज भरपूर होते पण थर सुटण्याइतकं नुकसान होतच नाही.

याच कारणाने अँटी-हिस्टामिनच्या गोळ्यांनी, सिट्रिझिन म्हणा लेव्होसिट्रिझिन म्हणा, आईला थोडी गुंगी आली असेल पण खाज गेली नसेल. हिस्टामिन हा त्यातला एक छोटा भाग आहे, आयएल-३१ आणि आयएल-४, आयएल-१३ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, पेशी एकमेकींना निरोप देतात ती रसायनं) असे बाकीचे खेळाडू त्या गोळीने हलत नाहीत.

फोडांवरच सगळ्यांचं लक्ष का, तर त्यालाही इतिहास आहे. वॉल्टर लीव्हर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये हा आजार पेम्फिगस या फोडांच्याच दुसऱ्या आजारापासून वेगळा काढला तेव्हा हातात होतं काय, पेशंटचा फोड आणि मायक्रोस्कोपखाली तो फोड कुठल्या पातळीवर सुटलाय ते. अँटीबॉडी दिसल्या त्या १९६७ मध्ये, जॉर्डन आणि ब्यूटनर यांच्या कामातून. तोपर्यंत व्याख्या फोडाभोवती बसलेली होती आणि ती पुस्तकांमध्ये, फोटोंमध्ये तशीच राहिली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, भारतात फोडांच्या ऑटोइम्यून (म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं अशा) आजारांमध्ये पेम्फिगस व्हल्गॅरिस जास्त दिसतो, तो तुलनेने कमी वयात येतो, तोंडात जखमा होतात, फोड लगेच फुटतात, त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यापुढे तेच चित्र असतं. युरोपात उलटं, तिथं पेम्फिगॉइड जास्त. आता आपल्याकडेही माणसं ऐंशीपर्यंत जगतायत, तेव्हा हा आजार पूर्वीपेक्षा जास्त भेटणार.

फोड नसलेलं पेम्फिगॉइड दिसतं कसं? दुर्दैवाने दुसऱ्या कशासारखं तरी. कुणाला इसबासारखे खवले आणि ओलसर चट्टे, कुणाला पायावर-हातावर कडक गाठी ज्या खाजवून खाजवून झाल्यात असं वाटतं, कुणाला लालसर फुगलेले चट्टे, आणि कुणाला तर काहीच नाही, साधी कातडी आणि त्यावर नखांचे ओरखडे. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त चुकतो कारण बघायला काहीच नसतं आणि पेशंटचा मानसिक त्रास आहे असं म्हणून मोकळं व्हायची घाई होते. हे मला अजिबात पटत नाही. रात्री दोन वाजता उठून अंग खाजवत बसणाऱ्या बाईला टेन्शन घेऊ नका म्हणणं हा उपचार नाही.

फुगलेल्या चट्ट्यांना आपल्याकडे सरळ पित्त उठलं म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. खऱ्या पित्ताची म्हणजे अर्टिकेरियाची गांधी २४ तासांत त्या जागेवरून जाते आणि दुसरीकडे उठते, मागे काही ठेवत नाही. पेम्फिगॉइडचा चट्टा तिथंच दिवसेंदिवस बसून राहतो. घरी तपासायची सोपी रीत आहे, एका चट्ट्याभोवती पेनने गोल करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. तसाच असला तर डॉक्टरांना हे नक्की सांगा.

खरजेचं म्हणाल तर तिथं घरातल्या इतरांनाही खाज असते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेपाशी जास्त असते, आणि परमेथ्रिन अख्ख्या घराने एकाच रात्री गळ्यापासून पायापर्यंत लावून आठवड्याने परत लावलं की काही आठवड्यांत उतार पडायला हवा. तुमच्या घरी बाकी कुणालाही काही नाही आणि हा कोर्स दोनदा होऊनही आई जिथल्या तिथं आहे, तर तिसऱ्यांदा तेच लोशन देण्याऐवजी तेव्हाच वेगळा विचार व्हायला हवा होता. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी ती स्टिरॉइड, अँटीफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं, ती चार दिवस बरं वाटायला लावतात, चित्र पुसट करतात आणि निदान लांबवतात. आईच्या बाबतीत हेच झालेलं दिसतंय, सहा महिने अधूनमधून तेच मलम चालू होतं असं तुम्हीच लिहिलंय.

आता बायोप्सी दोन का काढल्या. पहिली फॉर्मालिनमध्ये जाते, तिच्यावर नेहमीची तपासणी होते, आणि फोड नसेल तर त्यात बहुतेक वेळा 'इओसिनोफिल दिसतायत, इसब किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन असू शकते' असं मोघम काहीतरी येतं. तेवढ्यावर थांबलं की निदान हुकलं. दुसरी बायोप्सी डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, तिला डीआयएफ म्हणतात, ती फॉर्मालिनमध्ये टाकली की वाया गेली. ती मिशेल मीडियम नावाच्या द्रावणात पाठवावी लागते, तेही नसेल तर साध्या सलाइनमध्ये एका दिवसाच्या आत लॅबला पोचली तरी चालते. तालुक्याच्या ठिकाणी हे होत नाही असं काही नाही, नमुना काढायला पाच मिनिटं लागतात आणि कुरिअरने मोठ्या शहरात जातो, फक्त मनात यायला हवं. तुमच्या डॉक्टरांच्या मनात आलं, आणि तिथंच आईचं निम्मं काम झालं.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या लोकांनी २०१९ मध्ये निदानाचा एक साधा नियम मांडला. तीन गोष्टी बघायच्या आणि त्यातल्या दोन तरी हव्यात. एक, खाज किंवा फोड, दोन्हींपैकी काहीही. दुसरी, डीआयएफमध्ये ती आयजीजी किंवा सी-३ ची सरळ रेघ. तिसरी, रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी जी मिठाच्या पाण्यात थर वेगळे केलेल्या कातडीवर करतात, त्यात वरच्या थराच्या बाजूला चमक दिसणं. बघा, यात फोड सक्तीचा नाहीच. आईची खाज आणि डीआयएफ धरलं तर दोन झाले.

एलायझा म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजणारी तपासणी, तिच्याबद्दल सावध करते, कारण कुणीतरी तुम्हाला म्हणेल की बायोप्सी कशाला, रक्त तपासा. म्हातारपणी आजार नसतानाही थोड्या जणांच्या रक्तात या अँटीबॉडी कमी प्रमाणात सापडतात, आणि उलट खरा आजार असताना बीपी १८० ची नेहमीची एलायझा निगेटिव्ह येऊ शकते कारण ती त्या प्रोटीनचा एकच तुकडा, एनसी-१६ए, तपासते. त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर आजार आहे किंवा नाही असा शिक्का मारू नये.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि तुमची माहिती वाचताना मी इथंच थांबले. आईच्या गोळ्यांच्या यादीत मेटफॉर्मिन आणि विल्डाग्लिप्टिन एकत्र असलेली गोळी आहे, साधारण दोन वर्षांपासून. विल्डाग्लिप्टिन हे ग्लिप्टिन गटातलं शुगरचं औषध, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही त्याची भावंडं. फिनलंड, फ्रान्स, कोरिया अशा वेगवेगळ्या देशांतल्या नोंदींमध्ये ग्लिप्टिन आणि पेम्फिगॉइडचा संबंध पुन्हा पुन्हा सापडलाय आणि त्यात विल्डाग्लिप्टिन सगळ्यात वर असतं. भारतात त्याचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, मग कितीतरी कंपन्यांनी ते काढलं, किंमत पडली, आणि ते गावोगावी पोचलं. डायबेटिसच्या पेशंटसाठी ती चांगली गोष्टच होती, औषध चांगलं आहे, शुगर फार खाली नेत नाही, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात हा त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्या बाबतीत गोळी आणि खाज यांची जोड लागत नाही कारण मध्ये काही महिने, कधी दोन-तीन वर्षंही गेलेली असतात. घरचे म्हणतात ही गोळी तर कधीची चालू आहे, तिने काय होणार. शिवाय या प्रकारात कातडीचा लालपणा कमी असू शकतो आणि जपानमध्ये दिसलंय तसं अँटीबॉडी त्या नेहमीच्या तुकड्याऐवजी प्रोटीनच्या दुसऱ्या भागाविरुद्ध असू शकतात, म्हणजे वर सांगितलेली एलायझा फसवू शकते.

म्हणून पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका, कारण स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं आणि आतलं औषध बारीक अक्षरात असतं. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. शुगरच्या डॉक्टरांना स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि त्यांच्याकडून बदल करून घ्या, आणि बदलताना दुसरं ग्लिप्टिन दिलं जाणार नाही एवढं बघा. गोळी थांबवली की दुसऱ्या दिवशी खाज जात नाही, आठवडे-महिने लागतात, त्यामुळे उपचार सोबत चालूच ठेवावे लागतात. फ्युरोसेमाइड म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, तिचंही नाव या आजाराशी जोडलं गेलंय, ती चालू असेल तर तेही सांगा.

उपचाराबद्दल लोकांची समजूत अशी असते की ऑटोइम्यून म्हणजे तोंडावाटे भरपूर स्टिरॉइड. या वयात ते घाईने करायचं नसतं. फ्रान्समध्ये जोली यांच्या टीमने २००२ मध्ये एक फार महत्त्वाचा अभ्यास दिला, अंगभर पसरलेल्या पेम्फिगॉइडमध्ये क्लोबेटासॉलचं मलम दिवसाला ४० ग्रॅम लावलेल्यांपैकी वर्षाअखेर ७६ टक्के जिवंत होते आणि तोंडाने प्रेडनिसोन घेतलेल्यांपैकी ५८ टक्के. म्हणजे मलमाने आजारही आटोक्यात आला आणि माणसंही जास्त वाचली. आईसारख्या फोड नसलेल्या केसला ४० ग्रॅम लागत नाही, १० ते २० ग्रॅममध्ये भागू शकतं, पण तेही दिवसाला बऱ्यापैकी मोठं प्रमाण आहे, लावायला रोज कुणीतरी माणूस लागतो, आणि ते डॉक्टरांनी ठरवून, मोजून, हळूहळू कमी करत न्यायचं असतं. मी वर मेडिकलमधल्या मलमांना नावं ठेवली आणि आता स्टिरॉइडचंच मलम सांगतेय यात विरोध नाही, तिथं निदान नव्हतं, प्रमाण नव्हतं, आणि सोबत नको ती दोन औषधं होती.

दुसरा पर्याय डॉक्सिसायक्लिनचा, हे अँटिबायोटिक इथं सूज कमी करायला वापरतात. ब्रिटन आणि जर्मनीत झालेल्या ब्लिस्टर ट्रायलमध्ये, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, रोज २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनने सहा आठवड्यांत ७४ टक्के लोकांचे फोड आटोक्यात आले, प्रेडनिसोलोनने ९१ टक्के, पण वर्षभरात गंभीर दुष्परिणाम डॉक्सिसायक्लिनला १८ टक्के आणि प्रेडनिसोलोनला ३६ टक्के. डायबेटिस असलेल्या ७४ वर्षांच्या बाईसाठी हा दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. म्हणून माझा कल मलम अधिक डॉक्सिसायक्लिन असा राहील. गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं न होता, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते, आणि दूध, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. उन्हात फार फिरू देऊ नका.

इतक्यानेही नाही भागलं तर प्रेडनिसोलोन, किलोला अर्धा मिलिग्रॅमच्या हिशोबाने, थोड्या काळासाठी. तेव्हा शुगर वाढणारच, इन्सुलिन लागू शकतं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे, हेपॅटायटिस बीची तपासणी, आणि शेतात अनवाणी काम केलेलं असेल व रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील तर स्ट्राँगिलॉइडिस या जंताचा विचार, कारण स्टिरॉइडखाली तो जंत जिवावर बेतू शकतो. पेम्फिगॉइडमध्ये स्वतःमुळेही इओसिनोफिल वाढतात, म्हणून हे सहज सुटून जातं. हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. आणि एकदा काही आठवडे चालू झालेलं स्टिरॉइड एकदम कधीच बंद करायचं नाही. मेथोट्रेक्सेट दिलं गेलं तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, ही गोष्ट घरात ज्याच्या हातात औषधं आहेत त्याला लिहून द्या, रोज घेतल्याने माणसं दगावलीत. डॅप्सोन द्यायच्या आधी जी-६-पीडी हे रक्तातलं एन्झाइम तपासतात. डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते आयएल-४ आणि आयएल-१३ ची वाट अडवतं, २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली, खाजेवर चांगलं काम करतं आणि शुगर वाढवत नाही, पण महाग आहे, तेव्हा ते पहिल्या पायरीला नको.

जन्मभर का, तर बहुतेकांना नाही. उपचार साधारण ९ ते १२ महिने चालतात, हळूहळू कमी करत, आणि काहींना नंतर परत उठतं तेव्हा पुन्हा थोडे दिवस. औषधामुळे झालेलं असेल आणि ते औषध गेलं असेल तर परत उठण्याची भीती आणखी कमी.

आणखी एक विचारते, आईला हात थरथरणं, विसरभोळेपणा, कधी पॅरालिसिसचा झटका असं काही झालंय का? पेम्फिगॉइड आणि मेंदूचे आजार एकत्र दिसतात, ती प्रोटीन्स मेंदूतही असतात. असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला एकदा दाखवा, आणि उपचार ठरवताना ती स्वतः मलम लावू शकेल, गोळ्या लक्षात ठेवू शकेल असं गृहीत धरू नका.

घरी लक्ष ठेवायचं ते खाजेवर. रोज रात्री आईला शून्य ते दहात किती खाज विचारा आणि कॅलेंडरवर लिहा, मोजायला फोडच नाहीत, तेव्हा आजार वाढतोय की उतरतोय हे त्या आकड्यावरून सगळ्यात चांगलं कळतं, डॉक्टरांनाही तेच उपयोगी पडेल. फोड आलाच तर तो गच्च भरलेला, सहज न फुटणारा असेल, त्याला घरी सुईने टोचू नका, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. ताप, पू, तोंडात किंवा डोळ्यात जखमा, खाणं बंद, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दुसऱ्या लॅबचं म्हणाल तर नवी बायोप्सी काढायला सांगू नका, गरज नाही. खात्री करायचीच असेल तर तिसरी तपासणी राहिलीय ती करून घ्या, रक्ताची ती सॉल्ट-स्प्लिट स्किनवरची, त्यात याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एक-दोन आजारांपासूनही हे वेगळं काढता येतं. आणि रक्त शक्यतो उपचार सुरू व्हायच्या आधी द्या, म्हणजे या आठवड्यातच.